विषाणू सापडला, पण कोणता?

लिंबू, मोसंबी व संत्रा या झाडांना ‘ट्रिस्टेझा’ नावाचा विषाणुजन्य रोग होतो. ट्रिस्टेझा म्हणजे विषाद. तत्कालीन मुंबई राज्यातील अशा बागांच्या ऱ्हासाविषयी वासुदेव व कपूर यांनी १९५८ साली निबंध प्रसिद्ध केला होता. रोग जुना आहे. पण त्याच्या तपासणीत आपण विचारतो तो प्रश्न आता बदलायला हवा, असे मला वाटते.

हा विषाणू म्हणजे सुमारे २००० नॅनोमीटर लांबीचा धागा. त्याच्या आर.एन.ए.मध्ये सुमारे १९,३०० ‘अक्षरे’ असतात. अक्षरे बदलली की निरनिराळे उपप्रकार होतात. काही सौम्य असतात, तर काही खोडावर खाचा पाडून झाड खंगवतात. ब्राझीलमध्ये तर सौम्य उपप्रकार मुद्दाम झाडात सोडून तीव्र उपप्रकारापासून संरक्षण मिळवले गेले! मग ‘विषाणू आहे’ एवढेच सांगणारी चाचणी पुरेशी कशी?

कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली आर.टी.-पी.सी.आर. चाचणी येथे उपयोगी पडते. प्रथम आर.एन.ए.ची डी.एन.ए. प्रत काढतात. मग तिचा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत जवळजवळ दुप्पट होतो; ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या घरात जातात. तुकडा निवडणारे ‘प्रायमर’ एकाच उपप्रकाराच्या अक्षरांशी जुळणारे घेतले, की तोच उपप्रकार ओळखता येतो.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. प्रत्येक झाड तपासण्याची गरज नाही. हा विषाणू बियांतून पसरत नाही; तो मावा किडीमुळे व डोळा भरताना पसरतो. एका मातृवृक्षाच्या डोळ्यांपासून शेकडो कलमे होतात. म्हणून मातृवृक्ष तपासावेत आणि कलमासोबत दाखला द्यावा. त्यावर कोणते उपप्रकार शोधले व कोणत्या तारखेला, हे लिहिलेले असावे. कारण जो शोधलाच नाही तो सापडणार नाही, आणि आज निरोगी असलेल्या झाडावर उद्या मावा बसू शकतो. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तेव्हा हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही.

जत-आटपाडीसारख्या कमी पावसाच्या भागात चार-पाच वर्षे पाणी घालून वाढवलेली बाग फळावर येतानाच खंगली, तर ते पाणी आणि ती वर्षे परत मिळत नाहीत.

उपकरण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, हा मोजमापाचा नियम आम्ही भौतिकीत शिकवतो. तो बागेलाही लागू आहे. तुमच्या घरी कलमे आणायची असतील, तर रोपवाटिकेत किमतीआधी हा दाखला मागा. मागणारे वाढले, की देणारेही वाढतील.