वजूचे पाणी जाते कुठे?

रमजानमध्ये गावच्या मशिदीतल्या नळांना उसंत नसते. पाच वेळच्या नमाजला नेहमीपेक्षा जास्त माणसे, रात्री तरावीहची गर्दी वेगळी. प्रत्येकाचा वजू, म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुणे, आलाच. हे पाणी भिंतीतल्या पाइपातून थेट गल्लीत येते आणि शेजाऱ्याच्या दारावरून पुढे जाते.

पैगंबर मुहम्मद (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे जेमतेम भरल्या ओंजळीएवढ्या पाण्यात वजू करत. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, ही त्यांची ताकीद जुम्म्याच्या बयानात हमखास ऐकू येते. नळातून निघून गेलेल्या पाण्यावर मात बयान क्वचितच होते. खरे तर रस्त्यातला त्रास दूर करणे हा इमानचाच भाग, असे हदीस सांगते.

एकट्या मशिदीला दोष देणे अन्यायाचे होईल. मंदिरापुढचा हातपंप, घरोघरची मोरी, सगळ्यांची वाट तीच. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर. हजार वस्तीच्या गावात ते 55 हजार लिटर होते. पिण्यात-स्वयंपाकात त्यातले थोडेच जाते, बाकीचे मोरीतून बाहेर. पाणी यायची योजना झाली, जायची राहिली. मग ग्रामपंचायत सिमेंटची नाली बांधते, उद्घाटनाचा फोटो निघतो. नाली पाणी स्वच्छ करत नाही, फक्त उताराला ढकलते. आणि उताराला कोणाची घरे असतात, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्यांची गरजच संपवली. 'नांदेड पॅटर्न' म्हणून तो पुढे रोजगार हमीच्या कामांतही आला. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जिरते. गाळ मात्र वेळोवेळी काढावा लागतो. बहुतेक खड्डे मरतात ते इथेच. खोल काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तिथे केळी-कर्दळीचे आळे किंवा गावाखाली तळे बरे. विहिरीजवळ खड्डा नको आणि शौचालयाचे पाणी यात अजिबात नको. त्याला दोन खड्ड्यांचे शौचालय वेगळे.

वजूचे पाणी तर सगळ्यात सोपे. त्यात ना साबण, ना तेल, ना खरकटे. हनफी फिक्हनुसार त्याने पुन्हा वजू होत नाही, पण ते नापाकही नाही. झाडाला खुशाल घालावे. सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने तर 1978 सालीच पूर्ण शुद्ध केलेले सांडपाणी वजूलाही चालते, असा निर्णय दिला. तेव्हा धर्माची अडचण पुढे करायला जागा नाही.

ईदआधी मशिदीला रंग लागतो, रोषणाईची वर्गणी जमते. त्यातच एक खड्डा बसतो. अडचण निराळीच येते. मशिदीचे अंगण भिंतीपर्यंत फरशीने झाकलेले असते, आणि मोकळी माती उरते ती पलीकडच्या शेजाऱ्याच्या बाजूला. तो इफ्तारला येतोच. खजूर पुढे करतानाच त्याला विचारायला हवे, खड्डा तुमच्या बाजूला घेतला तर चालेल का?