घोडा कुणाचा?

मैत्रिणींनो, घोड्यांची शर्यत म्हटलं की आपण नाक मुरडतो. जुगार तो! पण 10 एप्रिल 2021 ला लिव्हरपूलची ‘ग्रँड नॅशनल’ रेचल ब्लॅकमोर या 31 वर्षांच्या आयरिश जॉकीने जिंकली, तेव्हा टीव्हीसमोरून मला उठवेना. जवळपास सात किलोमीटर अंतर, वाटेत तीस अडथळे, चाळीस घोडे. 1839 पासूनच्या या शर्यतीत पहिल्यांदाच एक बाई जिंकली होती! आणि कोरोनामुळे टाळ्या वाजवायला प्रेक्षकच नाहीत.

सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “घोडा कुणाचा गं?”

प्रश्न साधा, पण माझ्या डोक्यात तोच घोळत राहिला. बायकांना या शर्यतीत उतरायची मुभा मिळाली ती 1975 च्या कायद्यानंतर. 1977 मध्ये शार्लट ब्रू ही पहिली बाई उतरली. तिचा घोडा शेवटून चौथ्या अडथळ्याशी अडला. 1982 मध्ये जेराल्डिन रीसने शर्यत पुरी केली, आठवी आणि शेवटची! लोक म्हणायचे, बायकांच्या अंगात ताकदच नाही. अहो, पण जिंकणारा घोडा त्यांना देत कोण होतं? 2012 मध्ये केटी वॉल्श तिसरी आली, तो घोडा तयार केला होता तिच्या वडिलांनी.

रेचलचे वडील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी, आई शिक्षिका. तिला हेन्री डी ब्रॉमहेड या ट्रेनरने आपले उत्तम घोडे दिले. ‘मिनेला टाइम्स’ त्यातलाच.

आमच्याकडे दादाला नवी सायकल आली आणि मला त्याची जुनी, सारखी चेन पडणारी. शाळेत उशीर व्हायचा माझा, आणि “मुलींना चालवताच येत नाही” हे वर ऐकायचं. सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “मला तर तीसुद्धा नव्हती.”

एक मात्र बोचलं. त्याच शर्यतीत पाय मोडून एक घोडा गेला. हा खेळ असाच निर्दय आहे, आनंदाच्या भरात ते विसरवत नाही.

2022 मध्ये रेचलने त्याच ट्रेनरच्या दुसऱ्या घोड्यावर चेल्टनहॅमचा गोल्ड कपही जिंकला. तिथेही पहिलीच बाई. 2025 च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली. बातमी वाचून दाखवली, तर सासूबाई म्हणाल्या, “आता तिचे घोडे कुणाला देणार? विचार जरा.”