कौलांची जागा कोण घेणार?

१८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत गवताची छपरे हळूहळू लाल झाली. आमच्या गुंद परिसरातील जुनी घरे अद्याप त्याच कौलांखाली नांदत आहेत. आता मात्र नवे घर बांधू पाहणारी तरुण मंडळी विचारतात, ‘कौले घालायचीच कशाला? सोलर पॅनेल हेच छप्पर का करू नये?’ छपराचा खर्च वाचावा आणि वर वीजही मिळावी, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो.

कल्पना हवेतली नव्हे. मुंबई परिसरात कंट्रोलएस कंपनीच्या इमारतीच्या चारही भिंतींवर पाच हजार चौरस मीटरहून अधिक पॅनेले चढविली आहेत. परंतु आमचे गाव पंधराव्या अक्षांशाच्या आसपास. एप्रिलच्या अखेरीस सूर्य आमच्या माथ्यावर येतो, उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास परततो. मधल्या काळात दक्षिणेच्या भिंतीला माध्यान्हीचे ऊन लागतच नाही. युरोपात सूर्य खालून तिरपा येतो, तेथे भिंत उपयोगी पडते. आपल्याकडे मुख्य भिस्त छपरावरच.

आणि छपराची खरी अडचण आहे ती उष्णतेची. पॅनेलावर पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज होतो. उरलेल्यातील बहुतेक उन्हाने ते तापते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागे त्याची शक्ती सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के घटते. म्हणजे पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापले की सातवा हिस्सा गेलाच. मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून आपल्या माळ्यावर दुपारीही बसवते. वाशांवर थेट, घट्ट जोडलेल्या पॅनेलांना ही सोय नाही. वीजही घटते आणि खालचे माणूसही भाजते. याउलट पॅनेल छपरापासून वीतभर उचलून बसविले, तर ते छत्रीचेच काम करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने २०११ साली केलेल्या मोजणीत अशा पॅनेलांमुळे छतापर्यंत पोहोचणारी उष्णता ३८ टक्के कमी भरली. तेव्हा पॅनेलांचेच छप्पर करावयाचे असेल, तर खाली वारा खेळण्यास वाट आणि आढ्यापाशी तो बाहेर पडण्यास जागा ठेवणारा सुतार आधी शोधावा. तसा न मिळाल्यास कौले राहू द्यावीत व वर चौकट उभारावी, असे माझे मत. (वानरांनी कौल फोडले तर नवे बसविता येते, पॅनेल फोडले तर काय, हाही विचार आमच्याकडे करावाच लागतो.)

वस्तुतः आमच्या तालुक्याने विजेची किंमत फार पूर्वीच मोजली आहे. काळी नदीवरील सुपा धरणात जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, कित्येक कुटुंबे रामनगरास जाऊन वसली. त्या पाण्यावर नागझरीला वीज होते. छपरावरच्या विजेसाठी कोणाचे शेत बुडत नाही, एवढ्यासाठी तरी मला तिचे अगत्य वाटते.

२०२४ साली केंद्र सरकारने सूर्यघर योजना आणली. तीत घरगुती छपरासाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविले. पण करार करताना एक गोष्ट अवश्य विचारावी. सरकारी तारेला जोडलेला साधा संच तारेतली वीज गेली की आपणही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठीच ही योजना असते. आषाढात झाड तारेवर पडून गाव अंधारात जाते, तेव्हा छपरावर पॅनेल असूनही घरात कंदीलच लावावा लागेल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर निराळा मागावा लागतो. तोही दोन दिवे, एक पंखा आणि मुलांच्या अभ्यासापुरता घेतला तरी पुरे. पावसाळी ढगांखाली यापेक्षा अधिकाची अपेक्षा कोणी दाखविली, तर त्याच्याकडून ती लेखी घ्यावी.