अव्ययाचा व्यय

लिंग, वचन, विभक्ति यांपैकीं कशानेंहि ज्याचें रूप पालटत नाहीं तें अव्यय, असें आम्हीं अनेक वर्षें मुलांस शिकविलें. संगणकाच्या भाषांतहि अशा अविकारी वस्तु असतात, हें घरच्या मुलांकडून ऐकून आमची जिज्ञासा जागृत झाली. त्यांच्या नित्य कामाची भाषा पायथन. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली.

तींत 'टपल' नांवाची वस्तु आहे. तें एकदां रचिलें कीं त्यांत भर घालतां येत नाहीं, कीं एकाच्या जागीं दुसरें ठेवतां येत नाहीं. त्याचें चंचल भावंड म्हणजे 'लिस्ट'. तींत हवा तो फेरफार करावा. आतां एका टपलांत दोन घटक ठेवूं : घरक्रमांक ७, आणि वाणसामानाची लिस्ट, तींत तांदूळ व गूळ. या दुसऱ्या घटकावर += हें चिन्ह योजून 'तूप' मिळविण्याची आज्ञा द्यावी. पायथन तत्काळ हरकत घेतें कीं टपलाचा घटक बदलतां येणार नाहीं. मनुष्य समजतो, कांहींच घडलें नाहीं. पण उघडून पाहावें तों तूप आंत जाऊन बसलेलें !

याचें कारण असें कीं, त्या एका चिन्हांत दोन क्रिया आहेत. प्रथम लिस्टला 'तूं वाढ' अशी आज्ञा होते; ती विकारी, म्हणून निमूट वाढते. मग तीच लिस्ट टपलाच्या त्या स्थानीं पुनः ठेवण्याचा यत्न होतो, आणि निषेध होतो तो येथें. झालेली वाढ मात्र मागें फिरत नाहीं. वस्तु कोणती, एवढेंच टपल निश्चित करतें. तिच्या पोटांत काय चाललें आहे याची हमी तें देत नाहीं. वाटणीपत्रांत "देवघरांतील पेटी थोरल्याची" असें लिहिलें, म्हणून पेटींतले दागिने तितकेच राहतात असें थोडेंच आहे ?

हा केवळ पंडिती विनोद नव्हे. हिशेबाच्या कामांत हरकत पाहून कोणीं तीच आज्ञा पुनः दिली, तर तूप दोनदां चढेल. += सोडून लिस्टलाच 'अपेंड' म्हणावें, तर निषेधाचा शब्दहि उमटत नाहीं.

मात्र पायथनच्या कोशांत असें टपल किल्ली म्हणून देऊं जातां ती भाषा तें साफ नाकारते. तेव्हां तिला हा भेद पक्का ठाऊक आहे; आमच्या मतें दोष नांवावर विसंबणाऱ्याचा. ज्यास खरी स्थिरता हवी त्यानें आंतील यादीहि टपलच करावी. मग हरकत येते, आणि तूपहि बाहेरच राहतें.