वाचाघात आणि आपल्या मात्रा-सूचना

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात पक्षवधाच्या लक्षणांमध्ये वाक्स्तंभाचा उल्लेख आहे. वाणी थांबते तेव्हा आकलनही बाधित झालेले असू शकते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. १८६१ साली ब्रोका यांनी उच्चारणाच्या व १८७४ साली वेर्निके यांनी आकलनाच्या विकृतीचा मेंदूच्या विशिष्ट भागाशी संबंध दाखविला. पुढील संशोधनातून असेही दिसले की, ऐकलेले शब्द काही क्षण धरून त्यांची संगती लावणारी कार्यकारी स्मृती वाचाघातात अनेकदा क्षीण होते. सुटा शब्द कळतो, लांब वाक्य निसटते.

मराठीत तर क्रियापद शेवटी येते. ‘सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर दोन व रात्री जेवणानंतर दुधाबरोबर एक गोळी घ्यावी’ हे सारे रुग्णाला शेवटच्या शब्दापर्यंत मनात धरावे लागते. तो मान डोलावतो आणि आपण समाधान मानतो. मात्रा चुकते ती येथे.

माझे मत असे की, अशा रुग्णास एका वेळी एकच सूचना द्यावी, पुडीवर सूर्य-चंद्राची खूण करावी आणि ‘कळले का?’ असे न विचारता ‘रात्रीची गोळी दाखवा’ असे म्हणावे. मोठ्याने बोलण्याचा उपयोग नाही. तो बहिरा नसतो, बुद्धिहीन तर नसतोच.

वाचा अकस्मात गेल्यास मात्र दिंडोरीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ नाशिकला पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

वैद्य व औषधालय-चालक बंधु-भगिनींनी याचा अवश्य विचार करावा.