हिरवी प्रतिमा आणि कारभाराची कसोटी

ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरन एप्रिल २००६ मध्ये आर्क्टिकमधील स्वालबार्ड येथे वितळती हिमनदी पाहण्यास गेले, तेव्हा कुत्र्यांच्या घसरगाडीवरील त्यांचे छायाचित्र सर्वत्र झळकले आणि त्याच वर्षी पक्षाच्या बोधचिन्हातील मशालीची जागा वृक्षाने घेतली. अशी प्रतिमा अर्थसंकल्प आणि कायदे यांवरच जोखली पाहिजे. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर बंधनकारक मर्यादा घालणाऱ्या २००८ च्या हवामानबदल कायद्याला त्यांनी विरोधी बाकांवरून पाठिंबा दिला, याचे श्रेय त्यांना निःसंशय द्यायला हवे. परंतु २०१० मध्ये आजवरच्या सर्वाधिक पर्यावरणस्नेही सरकारची ग्वाही देणाऱ्या याच नेत्याच्या सरकारने २०१५ मध्ये जमिनीवरील नव्या पवनऊर्जा प्रकल्पांचे अनुदान मुदतीआधीच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.