भाड्याचे भांडे

संकेतस्थळाच्या पानामागे जी नक्षी पसरलेली दिसते, ती कोणी पानभर काढीत बसत नाही. एकच लहान चौकोन शेजारी शेजारी मांडीत जायचे, जुन्या वाड्यातल्या नक्षीदार फरशीसारखे. खुबी सांध्यात आहे. चौकोनाचे चार तुकडे करून समोरासमोरच्या कोपऱ्यांची अदलाबदल करायची. बाहेरच्या कडा मध्यभागी येतात. तेथला जोड बुजवला की चौकोन चारी अंगांनी बेमालूम जुळतो. कारागिरी खरोखर नामी!

पण नक्षीवर लिहायचे असते, हे कारागीर विसरतो. आमच्या अंबाजोगाईस दासोपंतांनी (१५५१–१६१५) लांबलचक कापडावर ‘पासोडी’ लिहिली. तेथे कापड अक्षरांखाली गुमान निजून राहिले. एका वसतिगृहाच्या पानावर मात्र ठिपकेच ठिपके. ‘भाडे भरावे’ मधल्या ‘भा’च्या डोक्यावर नेमका एक बसला, आणि मुले मला विचारू लागली, “सर, भांडे कशाने भरायचे?” रोमन लिपीला असे ठिपके पुष्कळसे सोसतात, आपल्याकडे अनुस्वाराने अर्थच पालटतो. विनोद बाजूला ठेवा, मुदतीची तारीखही त्याच गर्दीत होती.

मी पत्र लिहिले. ठिपके गेले. आता तेथे कोयऱ्या आल्या आहेत, आणि त्यांच्या शेपट्या थेट उकारासारख्या वळतात.